टेबलाच्या मधोमध ठेवलेला तो एक माइक

चार मित्रांनी मिळून पॉडकास्ट करायचं ठरवलं की आठवड्याभरात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला पुढे ढकलतंच. शब्द बदलतात, मजकूर तोच असतो: एक चांगला यूएसबी कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा) माइक घ्या, स्टेजवरचे डायनॅमिक माइक आता जुनाट झाले, चारही बाजूंनी ऐकणाऱ्या ऑम्नी मोडवर लावून टेबलाच्या मधोमध ठेवा, भिंतीला फोम चिकटवा, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, काही राहिलंच तर एआय साफ करेल. प्रत्येकाला वेगळा माइक म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

एकटा माणूस माइकसमोर बसून बोलणार असेल तर यूएसबी माइक खरंच पुरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौघांचं गणित वेगळं आहे. आम्हीही हा सल्ला मानला होता. पहिला भाग ऐकला तर आम्ही रिकाम्या मंगल कार्यालयात बसून बोलतोय असं वाटत होतं, आणि त्यात सगळ्यात स्पष्ट ऐकू येत होता तो पंखा.

आधी ‘मधोमध एक माइक’ हेच घेऊ, कारण बाकीच्या चुका इथूनच निघतात. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज माइकपाशी ६ डेसिबलने पडतो. तोंडापासून वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरवर असलेला माइक तीन फुटांवर सरकवला तर थेट आवाज सुमारे १३ डेसिबलने कमी होतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र कुठेही बसा, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही कमी आणि खोली तेवढीच. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, दहा बाय अकराची खोली असेल तर ऑम्नी माइकपासून दीड-दोन फुटांपलीकडे गेलं की खोली तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलायला लागते. यात माइक कितीही महाग घ्या, फरक पडत नाही. उलट चांगला माइक तो घुमारा जास्त इमानदारीने टिपतो.

दुसरा मुद्दा: ‘कंडेन्सरच घ्या, डायनॅमिक जुनाट’. शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर आहे, तेव्हा जुना म्हणायला हरकत नाही. पण मला इथे डायनॅमिकवाल्यांचेही कान धरायचे आहेत. ‘डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही’ हे तेही बिनधास्त सांगतात. तसं काही नसतं. तो एकूणच कमी संवेदनशील असतो, त्यामुळे गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करण्याची मात्रा, वाढवावा लागतो आणि गेनबरोबर खोलीही वर येते. खरा फरक पडतो तो तोंडाजवळ धरून बोलण्याने, आणि माइक समोरचं जास्त नि मागचं कमी ऐकतो, म्हणजे कार्डिऑइड असतो, त्याने. स्टेजचा माइक लोक आपसूक जवळ घेऊन बोलतात, एवढाच त्याचा चमत्कार. एका बऱ्या यूएसबी कंडेन्सरच्या पैशांत बेरिंगर एक्सएम८५०० सारखे तीन-चार डायनॅमिक माइक येतात. मी तेच घेईन.

इथे ‘उधळपट्टी’चा प्रश्न येतो. वेगळा माइक म्हणजे वेगळा ट्रॅक, प्रत्येकाचं रेकॉर्डिंग स्वतंत्र. एक जण खोकला तर फक्त त्याचा ट्रॅक तेवढ्यापुरता बंद करता येतो. हळू बोलणारीचा आवाज वाढवला म्हणून शेजारच्याचं हसणं कानात घुसत नाही. मात्र दोन माइकमधलं अंतर तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा.

पैसे खरंच वाया जातात ते दुसरीकडे. लोक चार यूएसबी माइक घेतात आणि मग कळतं की ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणातून रेकॉर्ड करतं. शिवाय प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ आपापलं, त्यामुळे ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. किंवा नाव ऐकलेलं आहे म्हणून फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ हा माइक लॅपटॉपला जोडायचा डबा घेतात, आणि त्याला माइक जोडता येतात दोनच. चौघांसाठी चार माइकची सोय हवी: बेरिंगर यूएमसी४०४एचडी, किंवा झूम पॉडट्रॅक पी४. पी४ला चार माइक आणि चार हेडफोन जोडता येतात, रेकॉर्डिंग थेट एसडी कार्डावर होतं, लॅपटॉपची कटकट नाही.

एवढे पैसे नाहीत? मग काहीच घेऊ नका. प्रत्येकाने आपला फोन फ्लाइट मोडवर टाकून पुस्तकांच्या ढिगावर, तोंडापासून वीतभर ठेवावा आणि रेकॉर्डर चालू करावा. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. त्यावरून ट्रॅक जुळवता येतात. शेवटची टाळी विसरू नका, कारण दोन फोनच्या घड्याळांत दहा लाखांत २० इतका बारीक फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते आणि संभाषणात ती जाणवते. ब्लूटूथ इअरफोनचा माइक नको, तो फोनकॉलच्या दर्जावर उतरतो. हा प्रकार मधोमध ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा चांगला ऐकू येतो. करून बघा.

फोमबद्दल थोडक्यात: इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तिला फोमचं काय? खोली उलट कोंदट आणि ढब्ब वाटायला लागते. बाहेरचा रिक्षाचा आवाज तर तो अजिबात अडवत नाही. दोरीवर दोन जाड गोधड्या, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, खाली सतरंजी: हे फोमपेक्षा कितीतरी बरं, आणि फुकट. पंखा बंद ठेवा. कुकर आधी उतरवा.

९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने? माणसाला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि ४८वर रेकॉर्ड केलं की त्याच्या निम्मं, म्हणजे २४पर्यंतचं सगळं येतं. चार ट्रॅक २४ बिटवर (बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) तासाभरात सुमारे २ जीबी होतात, ९६वर ४ जीबी. शेवटी तुम्ही एमपी३च टाकणार. २४ बिट मात्र ठेवा, म्हणजे पातळी खाली ठेवता येते आणि कोणी खदखदून हसलं तरी आवाज फाटत नाही.

आणि एआय. एकट्याच्या आवाजातली घरघर ते छान काढतं. पण चौघे एकाच ट्रॅकवर एकमेकांचं वाक्य तोडत असतील तर आमच्या अनुभवात त्याने हसणं गिळलं आणि ‘हं’, ‘अरे बापरे’ कुठल्या कुठे गेले. गप्पांमधून तेच गेलं तर उरतं काय?

खरेदीआधी एकदा गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पेटीत डोकवा. स्टेजचे डायनॅमिक माइक तिथे वर्षातले अकरा महिने पडून असतात, आम्हाला दोन तिथेच मिळाले. सोबतची जाड जॅकची वायर सोडा, दोन्हीकडे एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचं गोल टोक, असलेली घ्या. आणि माइकवरच्या बटणावर ते चालू करून चिकटपट्टी मारा. आमच्या सहाव्या भागात एक जण चाळीस मिनिटं बंद माइकमध्ये बोलला, आणि नेमका त्या दिवशी तो बरं बोलला होता.