छर्रा घ्यावा कोणता

आमच्या यवतमाळकडच्या गावात कपाशीचं बियाणं कोणतं घ्यावं यावर आजवर एकमत झालेलं नाही. पण पोरीच्या एअर रायफलीला छर्रा कोणता आणावा, यावर पानठेल्यावर लगेच झालं. जोराचा!

"बावीसचाच आणजा काकाजी. वानर दिसलं का धाड!"

पोरीला वानर मारायचं नव्हतं. दहा मीटरवरच्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, तो फोडला की दहा गुण. रायफल ०.१७७ इंचाची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, बावीसचा छर्रा ०.२२ इंचाचा, म्हणजे ५.५चा. तो हिच्यात शिरतच नाही. पण 'शिरत नाही' हा आमच्याकडे आक्षेप धरत नाहीत. "ठोकून पाहा न," म्हणतात. बावीसचा छर्रा जड, त्यामुळे सावकाश जातो अन् लवकर खाली झुकतो, शिवाय तशा रायफलीला परवान्याचा फेरा, हेही सांगून झालं.

"मंग थ्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसले कांस्य आणलं, थे कायनं?"

मी म्हटलं, ती ५० मीटरची स्पर्धा. तिथे छर्रा नसतो, दारूचं काडतूस असतं. बावीसचं.

"म्हंजे बावीसच न!"

यानंतर माझं गावात कोणी ऐकलं नाही.

अमरावतीच्या दुकानात वेगळीच तऱ्हा. काउंटरवर डबेच डबे. टोकदार छर्रा पाहून माझ्यातला शेतकरी खूश झाला. घुसणार म्हणजे घुसणारच! पण कागदाला घुसखोर लागत नाही. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण मोजताना भांडण होत नाही. गोल डोक्याचा लांबवर बरा चालतो. आमचं अंगण तेवढं लांब नाही.

चपटा ठरला, तर दुकानदारानं विचारलं, "किती ग्रेनचा?" मी कापूस क्विंटलात विकणारा माणूस. आठ ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम. पाचशे छर्रे मिळून पाव किलोच्या आसपास. पुढचा प्रश्न त्याहून बारीक होता: डोकं ४.४९चं, ४.५०चं की ४.५१चं? शेताचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर सरकला तरच कोर्टात जाणारे आम्ही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काय बोलणार? महागाचा घ्यावा म्हटलं, तर दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, नळीला काय मानवतं ते नळीच सांगते, थोडे थोडे नेऊन पाहा. धंद्याच्या माणसानं एवढं खरं बोलू नये, गिऱ्हाईक घाबरतं.

घरी अंगणात रेतीचं पोतं, त्यापुढे कागद. रायफल गादीवर टेकवून पोरीनं प्रत्येक जातीचे पाच-पाच छर्रे मारले. छर्रे शिशाचे, म्हणून माझी आई हात धुतल्याशिवाय कोणाला भाकरीला हात लावू देईना. महागाच्या डब्यानं कागदावर चाळणी केली. मधल्या भावाच्या एका डब्याचे पाचही छर्रे मात्र एकाच भोकातून गेले. भोक जरा रुंदावलं, एवढंच.

मी तो कागद मिरवत पानठेल्यावर नेला. सगळ्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.

"पाच मारले अन् एकच लागला?"

"अवो, पाचही त्यातूनच गेले."

कागद माझ्या हातात परत आला. "चार वाया गेले काकाजी. बावीसचा घ्या म्हनलं होतं."