‘राइट-क्लिकने फुकट मिळणाऱ्या फोटोचे 120 डॉलर’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की राइट-क्लिक करून फुकट सेव्ह होणाऱ्या फोटोचे आम्ही 120 डॉलर घेतले, फोटो अंधारा आणि दाणेदार आहे, चार दिवस तो उघडतच नव्हता, आणि मुंबईतल्या तुमच्या रॅप शोच्या पोस्टरवर तो छापायलाही आम्ही नाही म्हणालो.

चार दिवसांची चूक सर्वस्वी आमची. तुम्ही घेतलेलं टोकन (एनएफटी, म्हणजे त्या फोटोची तुमच्या नावावरची डिजिटल नोंद) ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत होतं, पण फोटोची फाइल आमच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर बदलताना जुनी लिंक तुटली. ब्लॉकचेनवर बहुतेक वेळा फोटो नसतोच, त्याचा फक्त पत्ता असतो. हे ठाऊक असूनही आम्ही सोपी वाट धरली. आता सगळ्या फाइली आयपीएफएसवर, म्हणजे एका सर्व्हरऐवजी अनेक संगणकांवर फाइली ठेवणाऱ्या जाळ्यावर आहेत. तिथेही कुणीतरी त्या सांभाळाव्याच लागतात, आणि ती जबाबदारी आमची.

दाण्यांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. तो फोटो 1982 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका शाळेच्या जिममध्ये झालेल्या हिप-हॉप पार्टीतला. फ्लॅश नाही, वर दोन-चार दिवे. 400 संवेदनशीलतेची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म 1600 ची समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, जास्त वेळ ठेवायची, एवढाच उपाय हातात होता. त्यातून दाणे उठतात आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. ते पुसले तर ती रात्रच पुसली जाईल. अशाच पार्ट्यांची फ्लायर आणि छायाचित्रं कॉर्नेल विद्यापीठ 2007 पासून आपल्या हिप-हॉप संग्रहात जपतंय.

आता पोस्टर. टोकन घेतलं म्हणजे कॉपीराइट मिळत नाही, तो फोटोग्राफरकडेच राहतो. ही अट आमच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होती. पैसे घेण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर ती यायलाच हवी होती. आता ती किमतीच्या वर लिहिली आहे. पण नकार योग्यच होता. या फोटोग्राफर बाई आज सत्तरीच्या आहेत. त्यांचे फोटो वर्षानुवर्षं टी-शर्टवर, पोस्टरवर विनापरवाना छापले गेले, एक पैसा न देता. त्यांना विचारल्याशिवाय आणखी एक पोस्टर छापायला मी कशी हो म्हणू? तुमच्या 120 पैकी 84 डॉलर त्यांना आठवड्याभरात मिळाले. फेरविक्रीवरची रॉयल्टी (टोकन पुन्हा विकलं गेलं की फोटोग्राफरला मिळणारा वाटा) मोठ्या ऑनलाइन बाजारांनी 2023 पासून ऐच्छिक केली, म्हणून आम्ही त्यांचा वाटा पहिल्याच विक्रीत देतो. राइट-क्लिक केलेल्या फोटोतून त्यांना काहीच मिळत नाही.

किंमत वाढेल असं आम्ही कुणालाच सांगत नाही. भारतात असं टोकन विकून नफा झाला, तर त्यावर 30 टक्के कर लागतो. गुंतवणूक म्हणून घेतलं असेल, तर खरंच परत करा.

टोकन परत पाठवलंत तर 120 डॉलर पूर्ण परत करते. ठेवायचं असेल, तर त्या चार दिवसांबद्दल याच फोटोची, बाईंनी सही केलेली 11 बाय 14 इंची प्रिंट आमच्या खर्चाने ठाण्याला पाठवते.

पोस्टरबद्दल मी काल त्यांच्याशी बोलले. परवानगी द्यायची त्यांची तयारी आहे. फोटोतल्या कलाकाराची संमती वेगळी लागेल, त्याच्याशी त्या स्वतः बोलतील. तुमच्या शोमधली मुलं मराठीत रॅप करतात हे ऐकून त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे: त्यांच्यापैकी कुणाचं तरी एक रेकॉर्डिंग. पाठवाल का?