चाळीस सेकंदांची शर्यत आणि कारकीर्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. कोलंबियाची सायकलपटू मारियाना पाहोन हिच्यावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. जेमतेम चाळीस सेकंदांत संपणाऱ्या बीएमएक्स शर्यतीत (उंचवटे आणि वळणे असलेल्या ट्रॅकवरची छोट्या सायकलींची शर्यत) जी पडत नाही ती जिंकते, म्हणून त्याला कारकीर्द म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, हा पहिला. आणि तिची लंडन (२०१२) व रिओ (२०१६) ऑलिंपिकमधली सुवर्णपदके अवघ्या सोळा स्पर्धकांतून आली, त्यामुळे त्यांचे मोल कमी, हा दुसरा.

पहिला आक्षेप या खेळाच्या गाभ्याशी भिडतो, म्हणून त्याकडे आधी वळतो. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर आठ मीटर उंचीच्या उतारावर आठ जणी गेटला, म्हणजे शर्यत सुरू होताच खाली पडणाऱ्या अडसराला, पुढचे चाक टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून, तोल सावरत उभ्या असतात. सूचनेचा आवाज थांबल्यानंतर गेट नेमके कधी पडेल हे कोणालाच ठाऊक नसते, कारण मधला विराम दर वेळी मुद्दाम बदलता ठेवलेला असतो. पहिल्या वळणापर्यंत जी पुढे निघते तिला मोकळी वाट मिळते आणि मागच्यांना गर्दीतून वाट काढावी लागते. त्यामुळे गेटवरची ती क्षणार्धाची प्रतिक्रिया हेच वर्षानुवर्षांच्या सरावाचे मुख्य काम असते. शिवाय टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत एकेका गटाच्या तीन-तीन धावा झाल्या आणि क्रमांकांच्या बेरजेवर पुढची निवड ठरली. एखाद्या धावेत नशीब साथ देईलही, पण त्याच्या जोरावर अंतिम फेरी गाठता येत नाही.

पडण्याचेही तसेच. २००८ साली बीजिंगमध्ये ब्रिटनची शनेझ रीड दुसऱ्या क्रमांकावर असताना रौप्यावर समाधान न मानता शेवटच्या वळणावर आघाडीवरच्या फ्रान्सच्या आन-कॅरोलिन शॉसोंला गाठायला गेली आणि कोसळली. याला दुर्दैव म्हणण्यापेक्षा सुवर्णासाठी पत्करलेला धोका म्हणणे मला अधिक योग्य वाटते. तो तिने पत्करायला हवा होता की नाही, यावर वाद घालता येईल.

सोळाचा आकडा मात्र अगदी बरोबर आहे. बीएमएक्स असलेल्या पहिल्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये (बीजिंग, लंडन, रिओ) पुरुषांना ३२ आणि महिलांना १६ जागा होत्या. टोकियोत प्रथमच दोघांना प्रत्येकी २४ मिळाल्या. पण जागा निम्म्या ठेवणे हा आयोजकांचा निर्णय होता, त्याचा हिशेब खेळाडूच्या पदकातून वजा करणे मला पटत नाही. आणि जागा वाढल्यावर काय झाले? २०१८ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून गेलेल्या पाहोनने टोकियोत रौप्य जिंकले, तेही सुवर्णविजेतीपेक्षा केवळ नऊ शतांश सेकंदांनी मागे राहून. लंडनला ती वीस वर्षांची होती, टोकियोला एकोणतीस. सलग तीन ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या खेळाडूच्या वाटचालीला कारकीर्द म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

त्या नऊ शतांशांनी पुढे असलेली बेथनी श्रीव्हर ही ब्रिटनची. रिओनंतर ब्रिटनच्या सरकारी क्रीडानिधीतून महिला बीएमएक्सला वगळण्यात आले आणि पैसा फक्त पुरुषांसाठी राहिला. तिने शाळेत सहायक शिक्षिकेचे अर्धवेळ काम केले, लोकवर्गणीतून रक्कम उभी केली आणि त्या पैशांवर पात्रता स्पर्धांचा प्रवास केला. शर्यत चाळीस सेकंदांची असली तरी या व्यवसायाचा बराचसा काळ अशा जुळवाजुळवीत जातो, आणि तो दूरचित्रवाणीवर दिसत नाही.

एका बाबतीत आपल्याशी सहमत आहे : अंतिम फेरीची धाव एकच असते आणि ती निष्ठुर असते. पॅरिसमध्ये हीच श्रीव्हर आधीच्या फेऱ्यांत सातत्याने पुढे राहूनही अंतिम शर्यतीत आठवी आली, आणि टोकियोच्या उपांत्य फेरीत कोसळलेली ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा सुवर्णपदक घेऊन गेली. अंतिम फेरीही तीन धावांची करावी, असे आपले म्हणणे असेल तर त्याला माझा पाठिंबा आहे.