नव्वद नंबर आणि काका

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपत असल्याने म्हापशातल्या ऑइलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझी मागणी साधी होती: होडीच्या आउटबोर्डच्या, म्हणजे होडीमागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, गिअरबॉक्ससाठी मरीन गिअर ऑइल, ८०डब्ल्यू-९० जाडीचे, आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे जीएल-५ दर्जाचे. डब्यावर 'जीएल' दिसत होते; पुढचा आकडा नेमका दुकानदाराने चिकटवलेल्या किमतीच्या पट्टीखाली होता. ती जरा उचलून पाहू का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "पट्टी सोललेला माल परत घेत नाही."

एवढ्यात स्कूटरची क्लच केबल घ्यायला आलेले एक काका, निवृत्त बसचालक, मदतीला धावले. त्यांनी काउंटरवर सांडलेल्या ऑइलमध्ये बोट बुडवले, डोळे मिटून वास घेतला आणि निकाल दिला, "गंधक आहे. हेच चांगलं." दुर्दैवाने यात तथ्य होते, दाब सोसण्यासाठी गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगे असतातच. पण जीएल-४ मध्येही ती असतात, फक्त जीएल-५ पेक्षा कमी, आणि हा फरक काकांच्या बोटाला कळणे शक्य नव्हते.

"इंजिनात चाळीस, गिअरात नव्वद," काका दुकानाला उद्देशून म्हणाले, "म्हणजे दुपटीहून दाट मरे, बाब!" गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी असते, तिथला नव्वद जाडीने इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतो, असे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. "मग नव्वद कशाला छापतात?" असे त्यांनी विचारले आणि सगळे दुकान उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागले, जणू तो आकडा मीच छापला होता. त्यात भर म्हणजे आउटबोर्डच्या गिअरबॉक्सात ऑइल खालच्या भोकातून पंपाने वर चढवतात आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरतात, म्हणजे आत हवा अडकत नाही, हेही माझ्या तोंडून निघून गेले. "खालून?" काका हसले. त्यांच्यामागून दुकानदारही हसला, जो हेच ऑइल विकून पोट भरतो.

होडीच्या पंख्याच्या दांड्याला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळला जाऊन गिअरबॉक्सचे सील फाटते, पाणी शिरते, ऑइल पांढरट होते आणि मग दातेरी चाके बदलण्याचा खर्च होडीवाल्याच्याच खिशातून जातो. सल्लागार तोवर केबल घेऊन घरी पोहोचलेला असतो. मासेमारीच्या तोंडावर ज्यांचा धंदा दुप्पट होतो, त्यांना किमतीची पट्टी दोन बोटे बाजूला चिकटवणे जमू नये?

पैसे देऊन मी पट्टी तिथेच सोलली. जीएल-५ निघाले. "मी सांगितलं नव्हतं?" काका म्हणाले. त्यांना केबलवर सूट मिळाली. मी गिअरबॉक्सची भोके बंद करणाऱ्या प्लगसाठी नवे वॉशर मागताच दुकानदाराने माझ्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिले, आणि काकांनी मान हलवली, "जुनेच चालतात."