‘फोटोच मिळाला नाही’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट अभयारण्याच्या पक्षीसहलीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: लामा कॅम्पला बुगुन लायोसिकला हा दुर्मीळ पक्षी दिसला, पण फोटो ‘धुरकट आणि अर्धा पानांआड’ आला, आमच्या गाइडने त्याला बाहेर बोलवायला मोबाइलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे कॉल, वाजवू दिला नाही, उलट पुढच्या वळणावर दुसऱ्या ग्रुपने तो वाजवून मनासारखे फोटो घेतले, बोंपूच्या मुक्कामात आंघोळीला एकच बादली मिळाली, आणि सेला पास या खिंडीत ग्रँडाला पक्ष्यांच्या मागे अर्धा दिवस गेला. म्हणून निम्मे पैसे परत हवेत.

बादलीचं आधी उरकतो. बोंपूला हॉटेल नाही, तंबू आहेत. पाणी चुलीवर तापतं. हे बुकिंगआधी पाठवलेल्या माहितीपत्रात फोटोंसकट आहे. सेला ४१७० मीटरवर आहे; तिथे भराभर चालायला गेलं की धाप लागते, म्हणून तो अर्धा दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. शिवाय बर्फावर उतरलेला निळ्याभोर नरांचा थवा हा वेळेचा अपव्यय असेल, तर आपल्या आवडी वेगळ्या आहेत एवढंच म्हणतो.

आता धुकं. हा डोंगर पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याच्या उत्तरेला आहे. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली दमट हवा या डोंगराला आपटून वर चढते, थंड होते आणि तिचा ढग होतो. सकाळी दरीत पडलेला पांढरा थर दुपारच्या आत रस्त्यावर येतो. त्या ओलीवरच झाडांवरचं शेवाळ, नेचे आणि बांबूची बेटं पोसली जातात आणि त्यांच्यावर हे सगळे पक्षी. स्वच्छ उन्हातलं ईगलनेस्ट मागणं म्हणजे कोरडा आंबोली घाट मागण्यासारखं आहे. अशा उजेडात ६०० मिमी लेन्सला कॉन्ट्रास्ट सापडत नाही आणि ऑटोफोकस पुढच्या फांदीवर जाऊन बसतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं: फोकसचा एकच पॉइंट ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जाऊ द्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) शूट करा. तुमची फाइल रॉ असेल तर धुरकटपणा बराच निघतो. पाठवा, मी स्वतः बसून काढून देतो. पानं मात्र काढता येणार नाहीत. हा पक्षी झुडपांच्या आतच वावरतो.

खरा मुद्दा कॉलचा. नकार गाइडने दिला, पण तशी सूचना माझी आहे आणि ती बदलणार नाही.

या पक्ष्याची माहिती जगाला २००६ मध्ये झाली. पुण्यात काम केलेले खगोलशास्त्रज्ञ रमण अथ्रेया यांनी तो १९९५ मध्ये ओझरता पाहिला होता. मे २००६ मध्ये जाळीत आलेला पक्षी त्यांनी मोजला, त्याचे फोटो काढले, गळलेली पिसं ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिलं. नव्या जातीचा एक नमुना मारून संग्रहालयात ठेवायची जुनी रीत आहे. त्यांनी ती मोडली, कारण पक्षीच इतके थोडे होते की एकही कमी करणं परवडणारं नव्हतं. जातीला नाव दिलं बुगुन लोकांचं, ज्यांच्या जंगलात तो सापडला. आज त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. माहितीतल्या जोड्या मोजक्या आणि बहुतेक लामा कॅम्पच्या आसपास, साधारण २००० ते २३५० मीटरच्या पट्ट्यात.

आता हिशेब करा. हंगामात येणारा प्रत्येक ग्रुप त्याच रस्त्याने, त्याच झुडपांसमोर थांबतो. प्रत्येकाने ‘फक्त दोनदा’ कॉल वाजवला तरी ऐकणारी जोडी तीच. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून जोडीतला नर खाणं सोडून बाहेर येतो, फांदीच्या टोकावर बसून गातो, घुसखोराला शोधत राहतो. तुम्हाला हवी असलेली मोकळी फ्रेम मिळते ती त्याच क्षणी. एप्रिलमध्ये, घरट्याची जुळवाजुळव चालू असताना, हे दिवसातून अनेकदा होणार. सर्वत्र आढळणाऱ्या एखाद्या पक्ष्याबाबत, विणीचा काळ टाळून, एकदा कॉल वाजवण्यावर वाद घालता येईल. मी स्वतःही पूर्वी घातला आहे. इथे नाही.

दुसऱ्या ग्रुपने वाजवला हे खरं आहे, मीही ऐकलं. त्यांना थांबवण्याचा अधिकार मला नाही. पण आमचा गाइड इथल्याच सिंगचुंग या बुगुन गावचा आहे. २०१७ मध्ये त्याच्या गावाने आपल्या मालकीच्या जंगलातलं १७ चौरस किलोमीटर सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेतलं आणि गावातलीच पोरं तिथे गस्त घालतात. गिऱ्हाइकाचा फोटो व्हावा म्हणून त्यालाच त्याच्या जंगलात कॉल वाजवायला लावणं मला जमणार नाही. तुम्ही त्याला ‘अडेलतट्टू’ लिहिलंय. ब्यूटिफुल नटहॅच हा पक्षी त्यानेच नुसत्या आवाजावरून शोधून दिला होता आणि तुमच्याच रिव्ह्यूतला तो फोटो सुरेख आहे, हे वाचणाऱ्यांनीही पाहावं.

पैसे परत मिळणार नाहीत. आमच्या अटींमध्ये कुठल्याही जातीच्या दर्शनाची किंवा फोटोची हमी नाही, आणि हा पक्षी तर तुम्ही दोनदा पाहिलात.

फांदी, पार्श्वभूमी आणि उजेड सगळं जुळलेले फोटो हवे असतील तर त्यात गैर काही नाही, फक्त जागा वेगळी निवडावी लागेल. कर्नाटकातल्या गणेशगुडीला पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाणवठ्यांसमोर बसून कॉल न वाजवता असे फोटो मिळतात. पुण्या-मुंबईहून रात्रभराचा प्रवास आहे आणि आंघोळीला नळाचं गरम पाणीही असतं. जानेवारीनंतरच्या तारखा आमच्या पेजवर लावल्या आहेत.