‘आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

नावाऐवजी तुम्ही ‘एक मोठा भाऊ’ एवढंच लिहिलंत, म्हणून दादा म्हणते. तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री तीनदा वाचली. लगेच लिहायला बसले असते तर रागाच्या भरात काहीतरी लिहून गेले असते, म्हणून चार दिवस थांबले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी इथे लिहिलं होतं की, व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या ग्रुपला जायला लागल्यावर मी नवऱ्याच्या ऑफिसात ‘त्यांना ताप आलाय’ असे फोन करणं बंद केलं आणि तिथून आमच्या घराने वळण घेतलं. दादांच्या भावजयीने तो लेख वाचला आणि भावाच्या कारखान्यात खोटं सांगणं थांबवलं. दीड महिन्यात भावाची नोकरी गेली. आता तो दिवसभर घरातच पितो. दादा म्हणतात, या मीटिंगा म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवणं. स्वतः बुडालेली माणसं दुसऱ्याला काय तारणार, हे काम डॉक्टरचं. पुढे ते लिहितात की ही पद्धत परदेशातून आणलेली आहे. त्यांच्या आजोबांनी पंढरीची माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत, त्यांना कुठली मीटिंग लागली? आणि शेवटी, त्यापेक्षा चहातून गुपचूप औषध दिलेलं परवडलं.

नोकरीचं आधी बोलते, कारण तिथे चूक माझी आहे.

मी फोन बंद केले तेव्हा माझा स्वतःचा पगार चालू होता. पतसंस्थेत क्लार्क आहे. रक्कम मोठी नाही, पण घराचा हप्ता आणि मुलीची फी त्यातून निघायची. नवऱ्याला मेमो आला, दोन महिने पगार कापला गेला, तरी चूल थांबली नाही. हे मी त्या लेखात लिहिलंच नव्हतं. तुमच्या भावजयीच्या हातात तेवढाही आधार नव्हता. माझा सूर ‘करून बघा, फरक पडेल’ असा होता आणि आज परत वाचताना तो मलाच टोचतो.

ग्रुपमध्ये असं कुणी बोलत नाही. ‘तू असं कर’ म्हणायचं नाही, हा तिथला शिरस्ताच आहे. ‘मी असं केलं, माझं असं झालं’ एवढंच सांगायचं. ऐकणारीने त्यातलं आपल्याला पेलेल तेवढं उचलायचं. सात वर्षं मी तिथे बसते आणि इथे लिहिताना मात्र माझ्या अनुभवाचा सल्ला करून मोकळी झाले. ग्रुपमध्ये तुमच्या भावजयीला दहा जणींचं दहा तऱ्हेचं ऐकायला मिळालं असतं. आमच्यातल्या एकीचा नवरा रोजंदारीवर आहे. ती आजही मुकादमाला खोटं सांगते आणि तिला कुणी नावं ठेवत नाही. दुसरीने आधी वर्षभर शिलाईकाम धरलं, बँकेत स्वतःच्या नावाचं खातं काढलं, आणि मगच ऑफिसचे फोन घ्यायचं सोडलं. माझ्या एकटीच्या लेखातून एकच वाट दिसली. याबद्दल तुमची आणि त्यांची मनापासून माफी मागते. मूळ लेखात हे सगळं आज घातलं आहे.

नोकरी खोटं थांबवल्यामुळे गेली की दारूमुळे, हा वाद मी घालणार नाही. ज्या घरात महिनाअखेरीला पैसे येत नाहीत तिथे त्या वादाचा काही उपयोग नसतो.

आता आंधळ्यांचं.

आमचा ग्रुप गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला महापालिकेच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात भरतो. बाक एवढे बुटके की गुडघे पोटाशी येतात. फळ्यावर सकाळची तारीख आणि सुविचार तसाच असतो. पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसले, दहा मिनिटांत उठायचं हे आधीच ठरवून. समोर साठीच्या एक बाई होत्या, हातात थर्मासच्या झाकणातला चहा. त्या सांगत होत्या, “गाडी स्टँडला लावल्याच्या आवाजावरून मला कळायचं. एका दणक्यात स्टँड लागला तर प्यायलेले नाहीत. दोनदा घसरून तिसऱ्यांदा लागला, की मी पोरांना घेऊन आतल्या खोलीत जायची.”

दादा, मी किल्लीचा आवाज ऐकायची. कुलपाच्या भोकाभोवती ती किती वेळा खरवडते ते अंथरुणात पडून मोजायची. बाटलीवर काजळाच्या पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवायची आणि सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी ती बघायची. हे मी आईला सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. माझंच डोकं फिरत चाललंय अशी माझी खात्री झाली होती. त्या बाईंनी स्टँडचं सांगितलं आणि वर्गातल्या सात-आठ जणींनी नुसत्या माना हलवल्या. कुणी ‘अगं बाई!’ म्हटलं नाही, कुणी हळहळलं नाही. मी त्या दिवशी दहा मिनिटांत उठले नाही.

त्या बायकांना डोळे नव्हते असं म्हणू नका. ज्या अंधारात मी होते, त्यात कुठे पायरी आहे हे त्यांना पायांनी ठाऊक होतं.

डॉक्टर हवाच, याबद्दल मात्र तुमच्या-माझ्यात वाद नाही. तुमचा भाऊ आता दिवसभर पितो, म्हणून हे नीट वाचा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली, किंवा घरच्यांनी कोंडून बंद पाडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसं दिसतात, अंग थरथरतं, ताप चढतो. यात माणूस दगावतो. हे विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, दवाखान्यातच काढायचं असतं, औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखाली. कुठलीही मीटिंग त्या तीन-चार दिवसांची जागा घेऊ शकत नाही आणि कुठलाही शहाणा ग्रुप तसा दावा करत नाही.

पण ते चार दिवस संपल्यावर? माझा नवरा दाखल होता ते दिवस मोजके, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी आजतागायत रोज येतात. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटं भेटतात, तेही नंबर लागला तर. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. उरलेल्यांच्या घरी संध्याकाळी सात वाजता कोण जाणार आहे?

मीटिंगचा उपयोग होतो याला पुरावा काय, असंही तुम्ही विचारलंत. २०२० साली ‘कॉक्रेन’ने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. माणसाला पद्धतशीरपणे ‘एए’च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगांशी जोडून दिलं, तर वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले शंभरात साधारण ४२ निघाले. इतर मान्यताप्राप्त उपचारांत ३५. म्हणजे ५८ जण यातही राहिले नाहीत. माझा नवरा पहिल्या चौदा महिन्यांनंतर स्लिप झाला, म्हणजे पुन्हा प्यायला, तेव्हा आम्हीही त्या ५८ कडे जाऊन आलो आहोत.

आणि तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते. १९९९ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांवर एक अभ्यास झाला. काहींना आमच्यासारख्या, म्हणजे अल-ॲनॉनच्या, वाटेने नेलं. काहींना पिणाऱ्याशी कसं बोलायचं, तो शुद्धीत असताना काय करायचं, प्यायलेला असताना काय टाळायचं याचं शिक्षण दिलं. शिक्षण मिळालेल्यांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचाराला गेला. अल-ॲनॉनच्या वाटेने फक्त १३ टक्के. पिणाऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचंय म्हणून कुणी ग्रुपला येत असेल, तर मी आता स्पष्ट सांगते की ते काम समुपदेशकाकडून शिकून घ्या. पण त्याच अभ्यासात घरच्यांची स्वतःची अवस्था सगळ्याच गटांत सारखी सुधारली. मी ग्रुपला त्यासाठी जाते. रेघ न बघता दात घासता यावेत म्हणून.

पद्धत परदेशातली आहे, खरं आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावात एक माणूस धंद्याच्या कामात आपटी खाऊन हॉटेलात उभा होता. जेमतेम पाच महिने दारू सोडलेली आणि समोर बार. त्याला पिण्याच्या ओढीने घेरलं, तेव्हा त्याने फोन फिरवायला सुरुवात केली, ‘या गावात कुणी दारुड्या आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय.’ त्याला भेटला एक सर्जन, तोही पिणारा. फोन करणारा समोरच्याला वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. एवढ्याशा गोष्टीतून एए उभी राहिली. नवरे आत मीटिंगला बसलेले असताना बाहेर ताटकळणाऱ्या बायकांकडे या फोन करणाऱ्याच्या बायकोचं लक्ष गेलं आणि १९५१ मध्ये अल-ॲनॉन झालं. आपल्याकडे १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीवर. तिथेही बरे झालेले पेशंटच पुढे नव्या पेशंटना सांभाळायला लागले.

पण मला तुमच्या आजोबांबद्दल जास्त बोलायचंय. माळ घातल्यावर ते संध्याकाळी कुठे असायचे, दादा? घरात कुणा वडीलधाऱ्याला विचारून बघा. माझ्या सासरचे एक चुलतसासरे असेच माळकरी झाले. ज्या वेळेला आधी गुत्त्याकडे पाय वळायचे, बरोबर त्याच वेळेला ते देवळात हरिपाठाला बसायचे, टाळ घेऊन, रोज. त्या रांगेत आधी पिणारे आणखी तिघं होते. एक दिवस हे दिसले नाहीत की त्यातला एक जण घरी यायचा आणि ओट्यावरूनच हाक मारायचा. आषाढीला वारी, पंधरा दिवसांची एकादशी, गावभर ‘माळकरी’ अशी ओळख. माळ गळ्यात एकट्याने घातली असेल, पण पेलली त्या सगळ्यांनी मिळून. तुमचे आजोबा मीटिंगला जात नव्हते असं मला तरी वाटत नाही. तुमच्या भावाला मीटिंग नको आणि भजन चालत असेल, तर भजनाला घेऊन जा. पहिल्या महिन्यात सोबत तुम्हीही बसा.

चहातून औषध मात्र देऊ नका. हे हात जोडून सांगते. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर मीही वाचल्या आहेत आणि एकदा पुडी आणलीही होती. त्या पुडीत काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि डॉक्टर जी गोळी देतात, डायसल्फिराम, ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं; हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायची असते. ज्याला गोळीचं माहीतच नाही, तो त्या संध्याकाळी पिणारच.

भाऊ हात उगारत असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. आधी भावजय आणि मुलं सुरक्षित जागी हवीत. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. जवळचं केंद्र कुठलं ते तिथे सांगतात.

आमच्या गुरुवारच्या वर्गात पुरुष एकच आहेत, एका मुलाचे वडील. निवृत्त कंडक्टर. सुरुवातीचे तीन महिने ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते यायचे, शेवटी बाक सरळ करायचे आणि जायचे. भावांनी येऊ नये असा काही नियम नाही. तुमचं गाव मला मेलवर कळवा, जवळ कुठे ग्रुप भरतो ते मी शोधून देते. आणि भावजयीशी बोलायची माझी इच्छा आहे, पण त्यांचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय मला पाठवू नका. माझा त्यांना द्या. करायचा की नाही ते त्या ठरवतील.