फोन असताना हॉटस्पॉटची वेगळी डबी कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रवासात वापरायच्या छोट्या हॉटस्पॉटवर, म्हणजे सिम घालून आजूबाजूला वायफाय देणाऱ्या डबीवर, मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येकाच्या फोनमध्ये हॉटस्पॉट आहे, मग वेगळी डबी, वेगळं सिम आणि वेगळा रिचार्ज हा निव्वळ भुर्दंड, डोंगलचा जमाना गेला, आणि एकूण लेख जाहिरातीसारखा वाटतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. ज्या वस्तूंबद्दल मी लिहितो त्या मला कुणी फुकट देत नाही, आणि खरेदीच्या लिंकवरून मला पैसेही मिळत नाहीत. त्या लेखातही मी कुठलीच एक डबी 'घ्याच' म्हणून सांगितलेली नाही.

आता मूळ मुद्दा. महिन्यातून एखाद्या वेळी गाडीत बसून दोन मेल पाठवणाऱ्याला फोनचा हॉटस्पॉट पुरतो, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यातही यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला जोडला तर वायफाय चालू ठेवावं लागत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. मी ज्यांच्यासाठी लिहिलं ते वेगळे: ज्यांचं पोट बाहेर फिरून, लॅपटॉप उघडून केलेल्या कामावर आहे.

माझा मेहुणा अकोले तालुक्यात गावोगाव फिरून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, छोटा प्रिंटर असा सगळा संसार बरोबर. त्याच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एकावर नेट आणि दुसरा नंबर गिऱ्हाइकांना दिलेला. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. काही फोनमध्ये कॉलदरम्यान नेट चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते, पण तीही दोन्ही सिमना व्होएलटीई, म्हणजे ४जी नेटवरूनच कॉल, मिळत असेल तरच कामाची. मग व्हायचं काय, तर कागदपत्रं अपलोड झाली, फी भरायच्या पानावर आलो आणि नेमका पुढच्या गावातून फोन: 'भाऊ, कधी येताय?' तेवढ्यात पान लटकतं, सेशन संपतं, पैसे कापले की नाही कळत नाही, आणि समोरची म्हातारी घाबरून बघत बसते. फोन न उचलावा तर पुढचं गिऱ्हाईक जातं. अशा माणसाला 'फोनचा हॉटस्पॉट वापर' असं मी सांगू शकत नाही.

याहून मोठं कारण तुमच्या प्रतिक्रियेत आलेलंच नाही: रेंज जिथे आहे तिथे आपण बसू शकतो असं नाही. डोंगराच्या कुशीतल्या घरात ओटीवर एक कांडी आणि माडीच्या खिडकीत तीन, हे आपल्याकडे नेहमीचं. फोन हातात लागतो, ओटीपी बघायला, कॉल घ्यायला, कागदाचा फोटो काढायला. तो खिडकीत ठेवून चालत नाही. डबी ठेवता येते. खिडकीच्या गजाला कापडी पिशवीत अडकवायची आणि आपण खाली ओटीवर कामाला बसायचं.

ती कुठे टांगायची हे कांड्यांवरून ठरवू नका, कांड्या फसव्या असतात. डबीच्या वायफायला फोन जोडून ब्राउझरमध्ये तिचं सेटिंगचं पान उघडा (पत्ता डबीवर किंवा खोक्यावर छापलेला असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१). बऱ्याच डब्यांमध्ये तिथे आरएसआरपी नावाचा, टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा उणे चिन्हाचा आकडा दिसतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला काम निघतं, उणे ११५ ला नुसतं चक्र फिरत राहतं. डबी खोलीभर हलवून बघा. पत्र्यापासून चार हात दूर नेली तरी आकडा बदललेला दिसेल. त्या पानावर आलाच आहात तर 'अॅडमिन' हा तयार पासवर्डही बदलून टाका.

डोंगलचा जमाना गेला, हे यूएसबीत खुपसायच्या डोंगलबद्दल बरोबर आहे. ते एका लॅपटॉपला नेट देतं आणि त्याचीच बॅटरी खातं. स्वतःची बॅटरी असलेली डबी लॅपटॉप, फोन, टॅब सगळ्यांना पुरते. पण घेताना लोक वेग आणि किंमत बघतात, आणि बघायला हवे ते बँड, म्हणजे कंपनी ज्या लहरींवर नेट पाठवते ते पट्टे, बघत नाहीत. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. यातला ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, लांब जाणारा आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येणारा; खेड्यात खरा उपयोग त्याचा. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ आणि १ वर. स्वस्तातल्या कित्येक डब्यांत २८ नसतो. तुमच्या गावात फक्त बीएसएनएलचा टॉवर असेल तर अशी डबी तिथे कामाची नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. दुसरं, कुठलंही सिम चालणारी डबी घ्या. जिओफाय, म्हणजे जिओची अशी डबी, जिओच्याच सिमवर चालतं, त्यामुळे दोन तालुक्यांत दोन कंपन्यांची रेंज असेल तर अडचण होते. बॅटरी काढून बदलता येणारी असावी, कारण दीड-दोन वर्षांनी ती फुगते किंवा दम सोडते.

खर्चाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात तथ्य आहे, आणि ते मी आणखी पुढे नेतो: डबीपेक्षा तिच्या सिमचा रिचार्ज वर्षभरात जड पडू शकतो. शिवाय ५जी फोनवर मिळणारा अमर्याद ५जी डेटा ४जी डबीला मिळत नाही. तिला रोजच्या ठरलेल्या डेटावरच भागवावं लागतं. तुमच्या वाटेवर सगळीकडे ५जी असेल आणि फोनही तसा असेल, तर डबी घेऊ नका. घ्यायचीच असेल तरी आधी दोन-तीन कंपन्यांची सिमं असलेल्यांना बरोबर घेऊन नेहमीच्या वाटेवर रेंज तपासा, मग सिम ठरवा आणि डबी शेवटी.

तुम्ही जाता जाता विचारलंत की रत्नागिरी ते मुंबई रेल्वेत तरी ही डबी चालेल का. गाडीच्या खिडकीजवळ ठेवली तर फोनपेक्षा थोडी बरी, इतकंच. करबुडेचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे आणि त्या पट्ट्यात बोगद्यांची रांगच आहे. तिथे डबी काय आणि फोन काय, दोन्ही सारखेच. ऑनलाइन मीटिंग त्या वेळेत ठेवू नका. फायली रत्नागिरी स्टेशनवरच उतरवून घ्या, वाटेत काम करा आणि पनवेल आलं की पाठवा.